धीयंत्र आणि पळीभर तेल

साधन आणि साधना यांच्यातील संबंधाचा प्रश्न भारतीय दर्शनांनी बहुधा देह, आसन, वस्त्र, पात्र आणि ग्रंथ या गोष्टींना धरून विचारला आहे. साधकाने जवळ काय बाळगावे, बाळगलेल्या वस्तूने साध्य जवळ येते की दूर जाते, आणि एखादी वस्तू सोयीची आहे एवढ्याच कारणाने ती दोषास्पद ठरते काय, अशी त्याची अंगे आहेत. संगणकावर प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसालाही हा प्रश्न लागू पडतो, आणि बाजारात चालणारी यंत्रणा बाजूला ठेवून तो जेव्हा फारशा कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आपले बस्तान बसवतो, तेव्हा तर तो टाळताच येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा प्रोसेसर, स्मृती, पडदा आणि की-बोर्ड एका बाजूला व त्यांवर हक्क सांगणारे सारे प्रोग्राम दुसऱ्या बाजूला, अशा दोहोंच्या मध्ये राहून प्रत्येकाला त्याचा वाटा नेमून देणारी मूळ व्यवस्था. घरांतील आणि कचेऱ्यांतील टेबलांवर ही व्यवस्था बहुतांशी विंडोजची असते, काही ठिकाणी ॲपलची आणि जाणकारांमध्ये लिनक्सची. ओपनबीएसडी हे नाव या तिहींच्याही पलीकडचे आहे.

बर्कले येथील विद्यापीठात वाढलेल्या युनिक्सच्या शाखेतून ही प्रणाली निघाली. थिओ डी राट यांनी १९९५ साली कॅनडातील कॅल्गरी येथून तिचे काम सुरू केले, १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली, आणि तेव्हापासून साधारण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढण्याचा नेम पाळला गेला आहे. सुरक्षितता आणि नेमकेपणा हा तिचा बाणा असून, जे नीट सांभाळता येत नाही ते काढून टाकण्यास तिचे कर्ते मागेपुढे पाहत नाहीत. ब्लूटूथला आधार देणारा भाग मोडकळीस आला आहे असे दिसल्यावर २०१४ मध्ये तो समूळ काढला गेला, त्यामुळे बिनतारी इयरफोन कानात घालून काम करण्याची ज्याला सवय आहे त्याची पहिल्याच दिवशी पंचाईत होते. अशी प्रणाली स्वतःच्या टेबलावर स्वखुशीने आणणाऱ्या माणसाबद्दल तीन तर्क केले जातात: त्याला वैराग्य झाले असावे, त्याला वेगळेपणाची हौस असावी, किंवा त्याच्या कामाला तीच सोयीची पडत असावी. हे तिन्ही तर्क एकाच गृहीतावर उभे आहेत, ते असे की यंत्रावरील कामाचे वातावरण हे त्या एकट्या माणसाचे आणि त्याच्या मनाच्या अवस्थेचे फळ आहे. चाळीसगावच्या नैऋत्येस पाटण येथे देवीच्या देवळात असलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख या गृहीताला छेद देतो, आणि म्हणून या प्रश्नाची चर्चा खानदेशाच्या त्या कोपऱ्यातून करणे सयुक्तिक ठरते.

त्याआधी एक व्यावहारिक बाब नोंदवली पाहिजे. तालुक्याच्या गावी अशा प्रणालीकडे वळण्याचे कारण दर वेळी आवडीचे असते असे नाही. विंडोज १० या आवृत्तीला मिळणारी नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि तिच्या पुढची आवृत्ती टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप मागत असल्याने, चांगली चालती असलेली पुष्कळ यंत्रे एका तारखेला कागदोपत्री म्हातारी झाली. पाच-दहा हजारांत घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे पर्याय शोधावाच लागतो. लिनक्स हा त्यातील सोपा पर्याय आहे, ओपनबीएसडी हा अवघड. गरजेने आलेला आणि हौसेने आलेला असे दोघे एकाच काळ्या पडद्यासमोर येऊन बसतात, आणि त्या पडद्यावरील अडचण दोघांची जात विचारत नाही.

या पडद्यावर प्रत्यक्षात काय करावे लागते ते पाहिल्याशिवाय पुढची चर्चा हवेत राहील. प्रणाली बसवताना ती साध्या मजकुरातून एकेक प्रश्न विचारते आणि बहुतेक ठिकाणी तिने सुचवलेले उत्तर मान्य करून एंटर दाबणे पुरते. बसवून झाल्यावर मात्र हाती फार थोडे असते: आज्ञा वाचणारा शेल, वि नावाचा संपादक, एकाच पडद्याचे अनेक भाग करून देणारा टीमक्स, खिडक्या मांडणारे दोन-तीन साधे व्यवस्थापक आणि सी भाषेचा कंपायलर. खिडक्यांच्या कडा किती जाड असाव्यात, कोणत्या दोन कळा एकत्र दाबल्या असता टर्मिनल उघडावे, अक्षराचा आकार किती असावा, कॅप्स लॉकच्या कळेला कंट्रोलचे काम द्यावे काय, या साऱ्या गोष्टी साध्या मजकुराच्या फायलींत लिहून ठरवाव्या लागतात. नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे या फायलींना डॉटफाइल म्हणतात. विचारायला जवळपास कोणी नसते, पण यंत्रातच असलेली माहितीपुस्तिका, म्हणजे मॅन पानांचा संग्रह, इतकी काळजीपूर्वक लिहिलेली असते की तिच्यातील चूक ही प्रोग्राममधील चुकीइतकीच गंभीर मानली जाते. नेटाचा भरवसा नसलेल्या गावी या एका गुणाची किंमत शहरातल्यापेक्षा अधिक आहे.

आता हे वातावरण सुखाचे झाले असे कधी म्हणावे? अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, म्हणजे न्याय-वैशेषिक मताच्या सतराव्या शतकातील प्रवेशग्रंथात, सुखाची व्याख्या अनुकूल म्हणून जाणवणारे ते सुख अशा आशयाची आहे, आणि त्या मतानुसार सुख हा आत्म्याचा गुण आहे, वस्तूचा नव्हे. याचा सरळ अर्थ असा की सुखकर प्रणाली असे काही जगात नसते. प्रणाली असते आणि तिच्याशी गाठ पडल्यावर कोणाच्या तरी ठिकाणी उपजणारे सुख किंवा दुःख असते. पण हेच दर्शन आणखी एक संकल्पना पुरवते, जी येथे अधिक उपयोगी आहे. संस्कार या गुणाचे ते तीन प्रकार सांगते: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. भावना म्हणजे अनुभवाने उमटलेला आणि पुढे स्मरणाला कारण होणारा ठसा. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली वस्तू पूर्ववत करणारा गुण. भावना आत्म्यात राहते, स्थितिस्थापक पार्थिव पदार्थांत. प्रोग्रामरच्या बोटांत जी सवय बसलेली असते ती शास्त्रानुसार भावना ठरेल, परंतु तिची वागणूक स्थितिस्थापकाची आहे, कारण नव्या की-बोर्डवर कितीही समजून-उमजून बसले तरी घाईच्या क्षणी बोटे जुन्या कळेवरच जातात. नव्या प्रणालीचे दुःख हे बहुतांशी तिच्या अंगचे नसून जुन्या संस्काराच्या मागे खेचण्याचे असते, आणि म्हणूनच पहिल्या आठवड्यातील तक्रारींवरून कोणत्याही प्रणालीचा निकाल लावू नये.

योगदर्शनाने या विचारात एक पाऊल पुढे टाकले. पतंजलीच्या मते आसनाचे लक्षण स्थिरता आणि सुख या दोहोंचे मिळून आहे आणि ते सिद्ध होते प्रयत्न सैल पडल्याने. सुखाला येथे साधनेचा शत्रू मानलेले नाही, तर साधनेला बसण्याची अट मानले आहे. ज्याच्या गुडघ्याला कळ लागली आहे त्याचे ध्यान गुडघ्यावरच राहते, आणि ज्याला अक्षर नीट दिसत नाही त्याचे लक्ष गणितापेक्षा अक्षरावर राहते. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर याने १९२७ च्या आपल्या ग्रंथात हातोड्याविषयी जवळपास हेच म्हटले आहे, की हातोडा व्यवस्थित चालतो तोवर तो दिसत नाही, मोडला की दिसू लागतो. मात्र दोघांत एक फरक आहे, तो दुर्लक्षिला जातो. हायडेगरचे हत्यार आपोआप अदृश्य असते. पतंजलीचे आसन अदृश्य व्हायला आधी पुष्कळ काळ त्रासदायकपणे दृश्य राहावे लागते. बसवता क्षणी सुख देणारी प्रणाली पहिल्या प्रकारात मोडते, ओपनबीएसडी दुसऱ्या.

येथवर सुखाची बाजू मांडली. तिच्याविरुद्धचा सर्वांत कसून केलेला विचार जैनांचा आहे. पाटणच्या डोंगरात नागार्जुनाची कोठडी या नावाने ओळखले जाणारे जैन लेणे आहे, त्यामुळे हा विचार या परिसराला परका नाही. दिगंबर मुनीला जवळ बाळगता येणाऱ्या वस्तू अगदी मोजक्या: जीवजंतू हळुवार बाजूला करण्यासाठी मोरपिसांची पिच्छी, शुद्धीसाठी कमंडलू आणि अध्ययनासाठी शास्त्रग्रंथ. यांना अनुक्रमे संयमाचे, शौचाचे आणि ज्ञानाचे उपकरण म्हटले जाते. श्वेतांबर परंपरा वस्त्र आणि पात्र यांनाही उपकरण मानते, दिगंबर त्यांना परिग्रह म्हणजे संचय मानतात, आणि या एका मुद्द्यावर दोन्ही पंथांनी शतकानुशतके वाद घातला आहे. वादाचा निकष मात्र दोघांनाही मान्य असलेल्या उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रात सापडतो: परिग्रहाचे लक्षण तेथे वस्तूंच्या संख्येवर नव्हे तर मूर्च्छेवर, म्हणजे वस्तूविषयी जडणाऱ्या ममत्वावर बसवले आहे. एकच ग्रंथ एकाच्या हाती उपकरण असतो आणि दुसऱ्याच्या हाती परिग्रह.

डॉटफाइलींना हा निकष लावला तर निकाल कठोर येतो. काम सोपे व्हावे म्हणून लिहिलेल्या दहा ओळींची फाइल ही ज्ञानाचे उपकरण आहे. परंतु रंगसंगती रोज बदलणे, एका खिडकी-व्यवस्थापकावरून दुसऱ्यावर उड्या मारणे, संपादकाला इतकी शोभा आणणे की त्यात लिहायचा प्रोग्राम राहूनच जावा, ही उघडउघड मूर्च्छा आहे, आणि अप्रचलित प्रणालींच्या चाहत्यांत ती प्रचलित प्रणालींच्या ग्राहकांपेक्षा कमी नसून अधिक आढळते. साधेपणाचाही संचय होऊ शकतो. आपल्या यंत्रात किती कमी आहे हे वारंवार दाखवणारा माणूस ज्याच्याविषयी बोलतो आहे ती त्याची संपत्तीच असते. येथे कोणी गीतेतील स्वधर्माचा आधार घेऊन म्हणेल की उणीव असली तरी आपली प्रणाली ती आपली. परंतु स्वधर्म हा गीतेत आवडीने निवडलेला पदार्थ नाही, वाट्याला आलेले कर्तव्य आहे, तेव्हा तो आधार येथे लागू होत नाही.

एकांतात स्वतःचे विश्व रचणाऱ्या माणसाचे खुद्द चाळीसगावचे उदाहरण म्हणजे छायाचित्रकार आणि चित्रकार केकी मूस, १९१२ ते १९८९. विलायतेत कलेचे शिक्षण घेऊन आलेल्या या पारशी कलावंताने आयुष्याचा फार मोठा भाग रेल्वे स्थानकाजवळील आपल्या घरातच काढला, आणि बाहेरचे डोंगर, घरे, पाऊस, बर्फ यांची दृश्ये टेबलावर साध्या वस्तूंतून मांडून त्यांची छायाचित्रे घेतली. या प्रकाराला टेबलटॉप छायाचित्रण म्हणतात. सोयीच्या वातावरणाचा जो आदर्श अप्रचलित प्रणालीचा वापरकर्ता मनात बाळगतो, तो येथे जवळजवळ पूर्णत्वाला गेला आहे. तरीसुद्धा कॅमेरा, त्याचे भिंग, छपाईचा कागद आणि रसायने ही त्या टेबलावर उगवत नव्हती. चार भिंतींत राहूनही कलावंत बाहेरच्या कारखान्यांच्या आणि आगगाडीच्या आधाराने काम करतो, ही गोष्ट त्याच्या थोरवीला बाधक नाही. ती फक्त एकांताच्या कल्पनेला बाधक आहे.

हा पेच भास्कराचार्यांच्या ग्रंथात अधिक तीव्र रूपात दिसतो. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे भाग. त्यांचे जन्मगाव विज्जडविड कोणते, पाटणजवळचे की कर्नाटकातील विजापूर, हा वाद जुना आहे आणि अभिमानाखेरीज त्यात फारसे काही अडकलेले नाही. गोलाध्यायात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. आकाशातील स्थाने आणि काळ मोजण्यासाठी गोल, चक्र, चाप, तुरीय, घटी, शंकू अशी यंत्रे तेथे सांगून झाल्यावर ग्रंथकार सर्वांत श्रेष्ठ यंत्र म्हणून धीयंत्राचे, म्हणजे बुद्धिरूपी यंत्राचे नाव घेतो. हातात एक काठी असली आणि तिच्या आधारे दूरच्या वेळूचे मूळ व शेंडा न्याहाळून त्याचे अंतर आणि उंची काढता आली, तर अशा माणसाला आणखी कशाची गरज, असा त्याचा अभिप्राय. उपकरणांवर टीका करणाऱ्या प्रत्येक कडव्या प्रोग्रामरला हे वचन आवडेल.

परंतु त्याच अध्यायात त्याच लेखकाने फलकयंत्र नावाचे स्वतः योजलेले उपकरण सविस्तर वर्णिले आहे. आयताकृती फळी, तिच्यावर समान अंतरावर आखलेल्या रेषा, मध्ये खिळा आणि त्याभोवती फिरणारी पट्टी अशी त्याची रचना असून, सूर्याच्या उंचीवरून वेळ काढताना जे त्रैराशिक मनात किंवा पाटीवर करावे लागते त्याचा बराचसा भार ही फळी आपल्याकडे घेते. ज्याला काठी पुरते त्याने फळी का आखली? यात विसंगती मानण्याचे कारण नाही. काठी हे बुद्धी किती पोहोचते याचे प्रमाण आहे, आणि फळी हे बुद्धीने एकदा केलेले काम पुन्हापुन्हा करावे लागू नये यासाठीचे साठवण आहे. पहिल्या गोष्टीत शिक्षण होते, दुसरीत व्यवहार चालतो, आणि ज्याने काठीने मोजून पाहिले नाही त्याच्या हातातली फळी चुकली तर ती चुकली हेही त्याला कळणार नाही. ओपनबीएसडीवर वातावरण हाताने जुळवण्याचे समर्थन करायचे असेल तर ते याच मर्यादेत करता येते: तेथे फळीच्या मागची काठी दिसते, कारण प्रणालीचा सगळा मूळ मजकूर वाचायला खुला आहे आणि तो माणसाला वाचता येईल असा ठेवण्याचा प्रयत्न केलेला असतो.

आता त्या शिलालेखाकडे वळता येईल. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला आणि पुढे कीलहॉर्न यांनी एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात तो संपादित केला. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ त्यात आहे: पिता महेश्वर, पुत्र लक्ष्मीधर, आणि नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण याच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. या चांगदेवाने आजोबांच्या आणि त्यांच्या कुळातील इतरांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून पाटण येथे मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव या स्थानिक राजाने १२०७ मध्ये त्याला दान दिले. मठ हा येथे संन्याशांचा निवास नव्हे. गणित आणि ज्योतिष शिकवण्याचे ते विद्यास्थान होते.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे, परंतु दानाचा तपशील आला की भाषा बदलते आणि तेव्हाची मराठी सुरू होते, कारण हा भाग पंडितांसाठी नसून बाजारासाठी होता. पाटणच्या पेठेत जो माल उघडला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. ओझ्याच्या जनावरांमागे काही, सुपाऱ्यांचा काही वाटा. जितके घाणे चालतील तितक्यांमागे एकेक पळी तेल. त्यापुढचे कलम सर्वांत बोलके आहे: येथे जे मोजले जाईल ते मठाच्या मापाने मोजावे आणि मापाच्या उत्पन्नाचा अर्धा भाग मठाला, अर्धा मापाऱ्याला. सिद्धांतशिरोमणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या रात्रीच्या दिव्यामागे अशा रीतीने गावातला प्रत्येक तेली उभा आहे. त्याला ग्रहांची मंदगती-शीघ्रगती कळण्याचे कारण नव्हते आणि लेख त्याच्याकडून तशी अपेक्षाही करत नाही.

धीयंत्राचा सिद्धांत ज्या माणसाचा, त्याच्याच नातवाने तेलाची व्यवस्था दगडावर कोरून घेतली, ही गोष्ट या निबंधाच्या दृष्टीने निर्णायक आहे. सुख हा आत्म्याचा गुण असेल, आसन ही देहाची अवस्था असेल, मूर्च्छा हा मनाचा दोष असेल. पण ज्या वातावरणात ही तिन्ही घडतात ते कोणाच्या तरी पळीपळीने भरलेले असते. वैराग्य, हौस आणि सोय हे तिन्ही तर्क अपुरे पडतात ते येथे. तैत्तिरीय संहितेत माणसाच्या जन्मजात ऋणांची कल्पना आहे. त्यांपैकी ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे विद्यार्थीदशेतील अध्ययनाने, फिटते असे म्हटले आहे. पाटणच्या लेखाने या कल्पनेला एक पुस्ती जोडली असे म्हणता येईल: अध्ययन करणारा ऋषींचे ऋण फेडत असताना घाण्याच्या मालकाचे नवे ऋण करत असतो, आणि त्याची फेड कशी करायची हे शास्त्रात सांगितलेले नाही.

ओपनबीएसडीच्या इतिहासात याच प्रकारची पळी एकदा रिकामी झाली होती. तरतऱ्हेच्या जुन्या-नव्या यंत्रांवर प्रणाली तपासून पाहण्यासाठी कॅल्गरी येथे यंत्रांचा मोठा साठा चालू ठेवावा लागतो, आणि २०१४ च्या आरंभी प्रकल्पाने जाहीर केले की विजेच्या बिलासाठी लागणारे सुमारे वीस हजार डॉलर मिळाले नाहीत तर काम बंद करावे लागेल. एका देणगीदाराने ती रक्कम दिली आणि संकट टळले. याच प्रकल्पाने १९९९ मध्ये ओपनएसएसएच हे साधन जगाला दिले होते, ज्याच्या योगे दूरच्या संगणकावर गुप्तपणे आणि सुरक्षितपणे काम करता येते. लिनक्सचे बहुतेक सर्व्हर ते वापरतात, ॲपलच्या यंत्रांत ते असते, आणि २०१८ पासून विंडोजमध्येही ते दिले जाते. म्हणजे ज्यांच्या टेबलावर ओपनबीएसडी कधीच येणार नाही अशा अब्जावधींच्या व्यवहाराला या अप्रचलित प्रणालीचा आधार होता, आणि तिच्या विजेचे बिल थकले होते. बाजार ज्याला फॅशन म्हणतो आणि समाज ज्यावर उभा असतो, या दोन गोष्टींत इतके अंतर असू शकते.

मठाच्या मापाचे कलमही येथे दुसऱ्या रूपात हजर आहे, आणि मराठी माणसाला ते अधिक टोचते. संगणकात अक्षरांचे माप म्हणजे युनिकोड. प्रत्येक अक्षराला त्यात एक क्रमांक असतो. चाळीसगाव हे नाव त्या मापाने आठ क्रमांकांचे होते आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने साठवले तर चोवीस बाइट घेते. ओपनबीएसडीचा मूळ वि संपादक वर्षानुवर्षे एक अक्षर म्हणजे एक बाइट असे धरून चालत आला, त्यामुळे त्यात हे नाव उघडले की अक्षरांऐवजी आकड्यांची रांग दिसते. टर्मिनल सर्व अक्षरांना सारख्या रुंदीच्या चौकटीत बसवू पाहते, आणि जोडाक्षर व ऱ्हस्व वेलांटी यांना ती चौकट मानवत नाही. यावर उपाय आहेत: देवनागरीचा चांगला फाँट बसवावा, इन्स्क्रिप्टची कळफलक-मांडणी जोडावी, आणि मजकूर टर्मिनलमध्ये न उघडता ईमॅक्ससारख्या संपादकाच्या स्वतंत्र खिडकीत उघडावा, जो २०२० च्या आवृत्तीपासून हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीच्या आधारे देवनागरी नीट मांडतो. त्यानंतर वाचता येते, लिहिता येते, कामही चालते.

क्रम मात्र जुळत नाही. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये ठेवलेले आहे, मराठी वर्णमालेत ते ह च्या नंतर येते. चाकण, चाळीसगाव आणि चास ही नावे यंत्राला क्रमाने लावायला सांगितली तर ओपनबीएसडी, जी भाषावार क्रमाचे नियम जाणत नाही, ती चाळीसगाव चासच्या आधी लावते. जव्हारच्या आधी जळगाव येते. मराठी कोशाच्या शिस्तीने पाहता दोन्ही चूक. हा दोष यंत्राचा नाही, माप ठरवणाऱ्या बैठकीत त्या मापाची गरज असलेला किती हजर होता याचा तो हिशेब आहे. पाटणच्या पेठेत मठाचे माप सर्वांना लागू होते आणि मापाऱ्याला त्याचा अर्धा वाटा मिळत होता. येथे माप दुसऱ्या गावाहून आले आहे, आणि मराठीचा मापारी बहुधा फावल्या वेळात, विनामूल्य काम करतो. ज्याला ओपनबीएसडीवर मराठी क्रम हवा त्याने तो नियम लिहून पाठवावा, ही तेथील रीत आहे, आणि ती रीत उद्धट वाटली तरी तिच्यात ऋण फेडण्याची वाट तरी दाखवलेली आहे.

एक आक्षेप शिल्लक राहतो आणि तो दुबळा नाही. वातावरण इतक्यांच्या आधाराने उभे राहत असेल, तर ते इतक्यांपैकी कोणीही हात काढून घेतल्यास कोसळणार, आणि मग त्यात मुरलेल्या संस्कारांचे काय? पाटणचा मठ टिकला नाही. यादवांचे राज्य गेले, निकुंभांचे गेले, पेठ उठली, रान वाढले, आणि ज्या व्यवस्थेसाठी इतका तपशील कोरला त्यातील शिल्लक राहिला तो कोरलेला दगड. तेथे शिकवले जाणारे ग्रंथ मात्र कोणत्याही एका मठाचे राहिले नव्हते. ते नकला होऊन दूरवर गेले होते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली, आणि अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. त्या दोघांपैकी कोणालाही पाटणच्या घाण्याचे तेल लागले नाही. युनिक्स परंपरेत प्रोग्राम एका प्रणालीच्या लकबींवर बेतू नये, सर्वांनी मान्य केलेल्या पॉसिक्स या प्रमाणाला धरून लिहावा, असा जो दंडक आहे त्याचे कारण हेच आहे. ओपनबीएसडीवर आरामात बसून लिहिलेला प्रोग्राम लिनक्सवर एक ओळही न बदलता चालतो की नाही, हे तपासायला दुसरे यंत्र लागते, आणि ते बहुधा शेजारच्याकडून मागून आणावे लागते.